रिमोट नेटवर्क लॅब: सीसीएनए-सीसीएनपीच्या सरावासाठी काय घ्यावं, कसं जोडावं, कुठे अडतं

निळी_केबल (धागाकर्ता)

चार जणांचा अभ्यासगट आहे. दोघं नाशिकला, एक पुण्यात, एक जर्मनीत. सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षांचा अभ्यास आहे: दोघं सीसीएनए (पहिली पायरी) २००-३०१ च्या तयारीत आहेत, दोघांना सीसीएनपी एंटरप्राइझ (पुढची पायरी) करायचंय, म्हणजे ३५०-४०१ आणि त्यावर ३००-४१०. नाशिकला एका घरी सामान ठेवायची सोय आहे: ३२ जीबी रॅमचा एक जुना वर्कस्टेशन पीसी, दोन १९४१ राउटर आणि दोन २९६० स्विच. बाकीच्यांनी हे सगळं दुरून वापरायचं आहे.

तीन प्रश्न आहेत. इम्युलेटर, म्हणजे पीसीवर आभासी राउटर-स्विच चालवणारं सॉफ्टवेअर, कोणता घ्यावा? घरचं ब्रॉडबँड असताना बाहेरून आत कसं यायचं? आणि खरे राउटर-स्विच ठेवावेत की विकून त्या पैशांत रॅम वाढवावी?

---

कन्सोलकर

प्रश्नांचा क्रम थोडा बदलूया. रिमोट लॅबमध्ये सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे परतीची वाट. सराव म्हणजे मुद्दाम मोडतोड करणं. मॅनेजमेंटच्या इंटरफेसवर चुकीची ॲक्सेस लिस्ट लागणार, एएए (लॉगिन आणि परवानग्यांची व्यवस्था) अर्धवट राहणार, ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवरून) नको ती व्हीलॅन (आभासी लॅन) उडणार, हे सगळं गृहीतच धरायचं. समोर लॅब असेल तर माणूस उठून केबल लावतो. नाशिकच्या घरातली लॅब रात्री अकराला पुण्याहून बंद पडली तर घरातल्यांना उठवावं लागेल. असं दोनदा झालं की लॅब वापरणंच थांबतं. म्हणून प्रत्येक उपकरणाला तीन गोष्टी दुरून करता आल्या पाहिजेत: कन्सोल (उपकरणात थेट शिरायचा सिरियल पोर्ट) मिळणं, वीज बंद-चालू करणं आणि ठरलेल्या कोऱ्या कॉन्फिगवर परत येणं. या तीन जमल्या की बाकी सगळं सोपं आहे.

इम्युलेटरमध्ये या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नव्वद टक्के सराव इम्युलेटरवर करा. खरं सामान फक्त ज्याचं इम्युलेशन होत नाही त्यासाठी ठेवा. पॉवर ओव्हर इथरनेट, स्टॅकिंग, स्विचच्या चिपमध्ये होणारं क्यूओएस (ट्रॅफिकला अग्रक्रम देणं), डुप्लेक्सची गडबड, खराब केबल, पासवर्ड रिकव्हरी. एवढ्यासाठी तुमची चार उपकरणं पुरेशी आहेत. विकू नका, पण नवी घेऊही नका.

आता रॅमचा हिशेब, कारण निर्णय त्यावरच ठरतो. आयओएसव्ही (सिस्कोच्या आयओएस या राउटर-प्रणालीचं आभासी रूप) राउटरला ५१२ एमबी लागते, आयओएसव्ही एल-टू स्विचला ७६८ एमबी, कॅटलिस्ट ८००० व्ही या मोठ्या आभासी राउटरला ४ जीबी. आठ राउटर, चार स्विच आणि दोन कॅटलिस्ट घेतले तर ४ अधिक ३ अधिक ८, म्हणजे १५ जीबी. होस्टसाठी ४ जीबी बाजूला ठेवा. म्हणजे ३२ जीबीत ३००-४१० चा बहुतेक सराव आरामात बसतो. बसत नाही तो एसडी-वॅन (सॉफ्टवेअरने चालवलेलं शाखांचं नेटवर्क). त्याचा एकटा मॅनेजरच सगळी रॅम खाऊन टाकतो. कॅटलिस्ट सेंटर (सिस्कोचं नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) तर घरी चालवायचा विचारच नको. या दोन्हींसाठी सिस्कोचं डेव्हनेट सँडबॉक्स, म्हणजे त्यांची ऑनलाइन लॅब, वापरा. ते फुकट आहे. काही सँडबॉक्स कायम चालू असतात, काही वेळ राखून घ्यावे लागतात. राखून घेतलेल्यात व्हीपीएनने शिरायचं असतं.

---

सुपर्णा_एन

इम्युलेटरबद्दल लिहिते.

सीसीएनएवाल्या दोघांना रोजच्या सरावाला पॅकेट ट्रेसर पुरे आहे. मात्र तो सिम्युलेटर आहे, त्यात खरं आयओएस चालत नाही. सिस्कोने जेवढ्या कमांड लिहून ठेवल्यात तेवढ्याच चालतात. त्यामुळे एखादी कमांड त्यात नाही, म्हणून ती आयओएसमध्येच नाही असं समजू नका. सीसीएनपीला तो अपुरा पडतो.

सीएमएल, म्हणजे सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, हा सगळ्यात सरळ मार्ग. इमेज (उपकरणांच्या सॉफ्टवेअरच्या फाइली) सोबतच येतात, लायसन्सचा प्रश्न मिटतो. २.८ आवृत्तीपासून त्याचा मोफत प्रकारही आहे. त्यात एका वेळी पाच नोड, म्हणजे पाच आभासी उपकरणं, चालतात. पाच नोड कमी वाटतात, पण अनमॅनेज्ड स्विच आणि बाहेरचा कनेक्टर या मोजणीत धरत नाहीत. ओएसपीएफ, बीजीपी (दोन्ही राउटिंग प्रोटोकॉल), एचएसआरपी (राखीव गेटवे) यांचे सुटे धडे पाचात होतात. विकतचा पर्सनल प्रकार २० नोडचा आहे. लक्षात ठेवा, पर्सनल लायसन्स एका माणसासाठी असतं. चौघांत एक लायसन्स वाटून घेणं त्यात बसत नाही.

ईव्ही-एनजी (पुढे नुसतं 'ईव्ही') या इम्युलेटरचं कम्युनिटी एडिशन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, एका लॅबमध्ये ६३ नोडपर्यंत जातं. गटासाठी सोयीचं, कारण प्रत्येकाच्या मशीनवर काही बसवावं लागत नाही. त्याची गैरसोय अशी की नोड चालू असताना केबल जोडता-काढता येत नाही, आधी नोड थांबवावा लागतो. आणि इमेज तुमच्या तुम्हाला कायदेशीररीत्या मिळवाव्या लागतात.

जीएनएस-थ्री हा इम्युलेटरही उत्तम आहे. पण दुरून वापरताना प्रत्येकाकडच्या क्लायंटची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. एकाने अपडेट दाबलं की तो बाहेर. चार जणांच्या गटात हे दर महिन्याला होतं.

तुमच्यासाठी: मोठ्या टोपोलॉजीला नाशिकच्या पीसीवर थेट बेअर मेटल (मधे विंडोज न ठेवता) ईव्ही-एनजी, शिवाय ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर सीएमएल फ्री.

बेअर मेटल म्हणायचं कारण असं, की विंडोजवर व्हीएमवेअर आणि त्याच्या आत ईव्ही अशी उतरंड रचली की इथेच घोडं पेंड खातं. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू असलं की मागे हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन प्रणाली) जागा असतो आणि प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन व्हीएमवेअरच्या आत पोचू देत नाही. मग नोड निळा होतो, दोन सेकंदांत परत करडा. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (हेच व्हर्च्युअलायझेशन) चालू असूनही हे होतं, म्हणून माणूस बायॉसमध्येच शोधत बसतो. मेमरी इंटिग्रिटी बंद करा, 'बीसीडीएडिट' ने हायपरव्हायजर लाँच टाइप 'ऑफ' करा, रीस्टार्ट. लिनक्सच्या आत गेल्यावर 'केव्हीएम-ओके' चालवून खात्री करून घ्या.

---

सुपर्णा_एन

इमेज चढवताना होणाऱ्या चुका राहिल्या. ईव्हीत 'ऑप्ट/यूएनेटलॅब/ॲडऑन्स/क्यूईएमयू' या फोल्डरखाली प्रत्येक इमेजला स्वतंत्र फोल्डर करायचा. फोल्डरचं नाव ठरलेल्या उपसर्गानेच सुरू झालं पाहिजे, उदाहरणार्थ आयओएसव्हीसाठी 'व्हीआयओएस-'. आतल्या फाइलचं नावही ठरलेलं असतं. आयओएसव्हीला 'व्हर्टआयओए.क्यूकाउ२', इतर काहींना 'एचडीए.क्यूकाउ२'. उपसर्ग चुकला तर इमेज यादीत दिसतच नाही. आतल्या फाइलचं नाव चुकलं तर यादीत दिसते पण बूट होत नाही. या दोन लक्षणांवरून चूक कुठे आहे ते कळतं. शेवटी 'यूएनएल रॅपर'ची फिक्सपरमिशन्सची कमांड एकदा चालवायची.

एसएसएचचा (एन्क्रिप्टेड रिमोट लॉगिनचा) पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. ईव्हीचे मूळ पासवर्ड साऱ्या जगाला पाठ आहेत.

---

रूट_पोर्ट

बाहेरून आत यायचा प्रश्न.

आधी राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनीच्या, अनेक ग्राहकांत वाटलेल्या नॅटच्या) मागे आहात. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग केलं तरी उपयोग नाही, कारण पलीकडचा नॅट तुमच्या हातात नाही. भारतात घरगुती जोडणीला हे सर्रास असतं.

दोन उपाय आहेत. पहिला, टेलस्केल हे तयार व्हीपीएन. नाशिकच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ते बसवा, त्याला सबनेट राउटर करा आणि लॅबच्या मॅनेजमेंटचा सबनेट जाहीर करा. दोन गोष्टी लोक विसरतात: जाहीर केलेला रूट ॲडमिनच्या पानावर मंजूर करावा लागतो, आणि लिनक्सवरून वापरणाऱ्याला 'ॲक्सेप्ट-रूट्स' वेगळं चालू करावं लागतं. 'जोडलेलं दिसतंय पण पिंग जात नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

दुसरा, छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन. व्हीपीएस हब (मधलं केंद्र), घर आणि चौघं स्पोक (त्याला जोडलेली टोकं). घराच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवणं आवश्यक आहे, नाहीतर नॅटमधली नोंद झिजते आणि बाहेरून आत येणारं पहिलं पॅकेट हरवतं. हबवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा. मला हाच मार्ग जास्त पसंत आहे. नेटवर्किंग शिकणाऱ्याने 'अलाउड आयपीज'चा अर्थ स्वतः लावलाच पाहिजे. तिथे रूटिंग आणि फिल्टरिंग एकाच ओळीत चालतं.

मॅनेजमेंटचा सबनेट १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० कदापि ठेवू नका. चौघांपैकी कुणाच्या तरी घरी तोच असणार, आणि पॅकेट बोगद्यात जायच्या ऐवजी त्याच्याच घरात फिरत राहणार. १०.१९९.५०.०/२४ असलं काहीतरी आडवळणाचं घ्या.

आणि टेलनेटचं (एन्क्रिप्शन नसलेल्या रिमोट लॉगिनचं) पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडं टाकू नका. 'थोड्या वेळापुरतं' सुद्धा नाही.

---

तुंगभद्रा

@रूट_पोर्ट, जर्मनीतून लेटन्सी जास्त येईल. टायपिंगला त्रास होईल का?

---

रूट_पोर्ट

कन्सोलला नाही. शे-दीडशे मिलिसेकंदांत अक्षर किंचित उशिरा उमटतं, एवढंच. त्रास होतो तो लॅबमधल्या विंडोजच्या डेस्कटॉपला, म्हणून चाचणीसाठी पीसीऐवजी आयओएस राउटर, व्हीपीसी (हलका आभासी पीसी) किंवा अल्पाइन लिनक्स वापरा. खरा फायदा वेळेचा आहे: जर्मनी आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे, त्यामुळे रॅकच्या वेळा वाटून घेणं सोपं जातं.

एमटीयूकडे (एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे) लक्ष असू द्या. वायरगार्डचा एमटीयू सहसा १४२० असतो. एसएसएच जोडलं जातं, छोट्या कमांड चालतात, पण 'शो रनिंग-कॉन्फिग' दिलं की पडदा गोठतो, असं झालं तर मोठी पॅकेटं वाटेत मरतायत. १३८० किंवा १२८० करून बघा.

---

कन्सोलकर

आता खऱ्या रॅककडे येतो. जरा लांबेल.

कन्सोल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे कन्सोल दुरून देणारं यंत्र, दोन प्रकारे होतो. जुना मार्ग सिस्को २५११. त्याला १६ असिंक (सिरियल) लाइन, दोन ऑक्टल केबल, प्रत्येकीला आठ शेंड्या. लाइन १ ते १६, त्यांचे रिव्हर्स टेलनेट पोर्ट २००१ ते २०१६. इथरनेटला जुन्या पद्धतीचा एयूआय पोर्ट आहे, म्हणून ट्रान्सिव्हर वेगळा घ्यावा लागतो. २५११ फक्त टेलनेट बोलतो, त्यामुळे व्हीपीएनच्या आतच ठेवायचा. लाइनवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट ऑल' आणि 'नो एक्झेक' दोन्ही हवेत. 'नो एक्झेक' विसरलात तर गंमतीदार दिसणारा पण डोकं खाणारा प्रकार होतो: समोरच्या स्विचने लॉगचा संदेश कन्सोलवर फेकला की २५११ ला वाटतं कुणीतरी लॉगिन करतंय, तो प्रॉम्प्ट पाठवतो, स्विचला ती कमांड वाटते, तो त्रुटी पाठवतो, आणि दोघांचं हे चालूच राहतं. लाइन अडकते आणि तुम्हाला 'कनेक्शन रिफ्यूज्ड' मिळतं.

नवा मार्ग रास्पबेरी पाय, यूएसबी-सिरियल केबल आणि 'सर२नेट' (सिरियल पोर्ट नेटवर्कवर देणारं सॉफ्टवेअर). चार उपकरणांना हाच घ्या, वीज कमी खातो आणि एसएसएचही मिळतं. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एक मेख आहे. पाय रीस्टार्ट झाला की 'टीटीवाययूएसबी० ' आणि '१' यांची अदलाबदल होऊ शकते, आणि तुम्ही आर-१ समजून एस-२ पुसून मोकळे होता. म्हणून सर२नेटमध्ये 'डेव्ह/सिरियल/बाय-आयडी' खालची नावं द्या. स्वस्त केबलींना अनुक्रमांक नसतो, दोन्हींचा आयडी एकच येतो. तिथे 'बाय-पाथ' वापरा आणि केबल ज्या पोर्टात आहे तिथून हलवू नका. प्रत्येक उपकरणाच्या बॅनरमध्ये त्याचं नाव ठसठशीत लिहा.

१९४१ ला मिनी-यूएसबी कन्सोलसुद्धा आहे. त्यात यूएसबी जोडली की आरजे-४५ कन्सोलकडून टाइप केलेलं तो घेत नाही. दोन्ही एकदम लावून ठेवली तर 'कन्सोल मेला' असं वाटतं, प्रत्यक्षात तो यूएसबीकडे गेलेला असतो.

पासवर्ड रिकव्हरी राउटरवर दुरून जमते. वीज बंद-चालू करायची, पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक पाठवायचा, रॉममॉनमध्ये (आयओएस सुरू होण्याआधीच्या मोडमध्ये) कॉन्फिग रजिस्टर २१४२ करायचं, रीसेट. टेलनेट क्लायंटमधून ब्रेक म्हणजे कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस, मग 'सेंड ब्रेक'. काम झालं की रजिस्टर २१०२ वर परत. ते २१४२ वर राहिलं तर पुढचा माणूस कॉन्फिग सेव्ह करतो, रीलोड करतो, आणि राउटर कोरा उठतो. 'शो व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत हे दिसतं. पाळी सुरू होताना ती ओळ बघायची सवय लावा.

२९६० वर मात्र पुढचं मोड बटण बोटाने दाबून धरावं लागतं. ते नाशिकच्या घरात आहे. यावर उपाय आधीच करायचा: ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'बूट इनेबल-ब्रेक' देऊन ठेवा, म्हणजे बूट होताना कन्सोलवरून ब्रेकने थांबवता येतं. आणि एएएचा सराव करताना कन्सोल लाइनला कायम वेगळी लोकल मेथड ठेवा.

---

निळी_केबल

खूप उपयोगी. कोऱ्या कॉन्फिगवर परत यायला 'राइट इरेज' आणि 'रीलोड' एवढंच पुरतं ना?

---

कन्सोलकर

राउटरला पुरतं, स्विचला नाही. व्हीलॅन फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन.डॅट' मध्ये राहतात, 'राइट इरेज' त्यांना हात लावत नाही. ती फाइल वेगळी डिलीट करावी लागते. शिवाय तिच्यात व्हीटीपीचा (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणाऱ्या प्रोटोकॉलचा) रिव्हिजन क्रमांकही असतो. जुना, मोठ्या रिव्हिजनचा स्विच त्याच डोमेनमध्ये परत जोडला की तो बाकीच्यांच्या व्हीलॅन पुसतो.

पण रोजच्या वापराला रीलोडची गरजच नाही. प्रत्येक उपकरणावर 'बेसलाइन' नावाची फाइल फ्लॅशमध्ये ठेवा. तीत होस्टनेम, मॅनेजमेंटचा पत्ता, एसएसएच आणि कन्सोलचं कॉन्फिग, बाकी कोरं. पाळी संपली की 'कॉन्फिगर रिप्लेस फ्लॅश:बेसलाइन फोर्स'. काही सेकंदांत उपकरण मूळ जागी. स्विच व्हीटीपी ट्रान्सपरंट ठेवलात तर व्हीलॅन रनिंग-कॉन्फिगमध्ये येतात आणि त्याही सोबत जातात.

धोक्याचा बदल करायच्या आधी 'रीलोड इन १०' द्या, सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. मात्र मधे कॉन्फिग सेव्ह करायची नाही, नाहीतर राउटर चुकीच्याच कॉन्फिगवर उठेल. याहून चांगलं म्हणजे 'आर्काइव्ह'ला पाथ देऊन 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५'. पाच मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' आलं नाही तर तो आपणहून मागे जातो, रीलोड न होता. नोकरीतही ही कमांड रोज उपयोगी पडते.

ईव्हीत याची जोड अशी: नोड तयार झाला की कॉन्फिग एक्स्पोर्ट करून ती स्टार्टअप म्हणून लावा, मग नोड वाइप केला की तो तिथूनच उठतो.

---

रूट_पोर्ट

केबलिंगचा मुद्दा राहिला. खऱ्या रॅकमध्ये केबल हलवायला कुणी नाही. म्हणून सुरुवातीलाच शक्य तेवढ्या सगळ्या जोडण्या करून ठेवा: दोन स्विचमध्ये किमान तीन केबली, प्रत्येक राउटर दोन्ही स्विचना, दोन राउटर एकमेकांना शक्य असेल तर तेही. बेसलाइनमध्ये सगळे पोर्ट बंद. धड्याला जे हवेत तेवढेच 'नो शटडाउन'. तक्ता एकदाच करायचा, सर्वांकडे त्याची प्रत हवी. १९४१ ला ऑनबोर्ड गिगाबिट पोर्ट दोनच आहेत, तेव्हा बाकीच्या जोडण्या एका ट्रंकवर सबइंटरफेस करून घ्या.

२९६० मूळचे लेयर-टू. लॅनबेसच्या नव्या आयओएसवर 'एसडीएम प्रेफर लॅनबेस-राउटिंग' देऊन रीलोड केलं की स्टॅटिक रूटपुरतं राउटिंग करतात. डायनॅमिक राउटिंगचे धडे त्यांच्यावर होणार नाहीत.

---

तुंगभद्रा

खरा स्विच आणि ईव्हीमधला स्विच एकमेकांना जोडता येतात का? ईथरचॅनेल (अनेक केबली मिळून एक लिंक) करून बघायचंय.

---

सुपर्णा_एन

जोडता येतात, पीसीला दुसरं नेटवर्क कार्ड लावून. पण साध्या लिनक्स ब्रिजमधून एलएसीपी (ईथरचॅनेल जुळवणारा प्रोटोकॉल) जात नाही. कारण ०१-८०-सी२-००-००-०० पासून सुरू होणारे राखीव पत्ते मानकाप्रमाणे ब्रिजने पुढे पाठवायचेच नसतात, आणि एलएसीपी त्यातला ०२ आहे. एलएलडीपी (शेजारी ओळखणारा प्रोटोकॉल) ०ई आहे, तो 'ग्रुप फॉरवर्ड मास्क' १६३८४ करून सोडता येतो. पण ००, ०१ आणि ०२ या तिघांना मूळ कर्नल मास्कमध्येही परवानगी देत नाही. सीडीपीचा (सिस्कोच्या तशाच प्रोटोकॉलचा) पत्ता या टोपलीत नाही, म्हणून तो जातो. परिणामी 'शो सीडीपी नेबर' मध्ये शेजारी स्वच्छ दिसतो, चॅनेल मात्र वर येत नाही, आणि लोक कॉन्फिगमध्ये चूक शोधत राहतात.

ईव्हीच्या आतल्या आत दोन नोडमध्ये हा प्रश्न येत नाही, त्यांनी कर्नल सुधारून घेतलंय. जीएनएस-थ्रीतही नाही. कंटेनरलॅब (आणखी एक लॅबचं साधन) दोन नोड थेट व्हेथ (आभासी केबल) जोडीने जोडतं, मधे ब्रिजच नाही. त्यामुळे खऱ्या-खोट्याच्या सीमेवर ईथरचॅनेल नको. दोन खऱ्या २९६० मध्येच करा, तीन केबली त्यासाठीच.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. ईव्हीचा क्लाउड-० म्हणजे पीसीचं मॅनेजमेंट कार्ड, अर्थात घरचं नेटवर्क. लॅबमधला डीएचसीपी सर्व्हर त्याला जोडलात तर घरच्या फोनना लॅबचे पत्ते मिळू लागतील आणि सगळ्यांचं इंटरनेट जाईल. इंटरनेट हवं तर मधे नॅट ठेवा.

---

सह्यकडा

विजेचा हिशेब कुणी लिहिला नाही. लॅब १५० वॉट खाते असं धरलं तर चोवीस तास, तीस दिवस म्हणजे १०८ युनिट. घरच्या वापराच्या वर हे चढलं की वरचा स्लॅब लागतो, म्हणजे युनिटचा दरही वाढतो. म्हणून चालू ठेवायचा तो फक्त पाय आणि ओएनयू (फायबरचा मोडेम). पीसी वेक-ऑन-लॅनने पायवरून उठवा, काम झालं की शटडाउन. राउटर-स्विचना स्मार्ट प्लग लावा, पण ज्याला कंपनीच्या ॲपशिवाय थेट हुकूम देता येतो असा. टास्मोटा (मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर) चालणारे प्लग चांगले. वीज जाऊन आल्यावर प्लग 'बंद'च राहील असं सेटिंग करा.

पीसीच्या बायॉसमध्ये मात्र वीज परत आल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवा. आणि पाय, ओएनयू, वाय-फाय राउटर हे तिघं छोट्या यूपीएसवर. रॅक बंद असला तरी चालेल, पण दार उघडं राहिलं पाहिजे.

---

मुळामुठा

पीसी नकोच असेल तर क्लाउडवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (आभासी मशीनच्या आत आभासी मशीन) वापरता येतं. गूगल क्लाउडवर एन-टू प्रकारच्या मशीनला ते चालू करून मिळतं, ई-टू ला मिळत नाही. स्वस्त म्हणून ई-टू घेतलं की नोड बूटच होत नाहीत. त्यांचा एक विभाग मुंबईत आहे. अझुरचा सेंट्रल इंडिया विभाग तर पुण्यातच आहे, तिथेही डी मालिकेच्या तिसऱ्या पिढीपासून पुढे नेस्टेड चालतं. मशीन थांबवली तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, हे विसरू नका. आठवड्यातून सहा-आठ तास सराव असेल तर परवडतं. रोज असेल तर नाशिकचा पीसीच बरा.

---

निळी_केबल

सराव नेमका कसा करावा? ३००-४१० साठी टोपोलॉजी बांधून कमांड टाइप करत राहणं पुरेसं वाटत नाही.

---

कन्सोलकर

पुरेसं नाहीच. ती परीक्षा दोष शोधण्याची आहे, ९० मिनिटांची. चार जण आहात, याचा फायदा घ्या. एकाने लॅब मोडायची, दुसऱ्याने कॉन्फिग न वाचता, फक्त 'शो' कमांडींवरून दोष सांगायचा. 'शो रनिंग-कॉन्फिग'ला पहिली दहा मिनिटं बंदी. मोडण्यासाठी काही चांगले दोष देतो.

ओएसपीएफमध्ये एका बाजूचा एमटीयू १४०० करा. शेजारी राउटर एक्सस्टार्ट-एक्सचेंज या अर्धवट अवस्थेत लटकतो, पिंग मात्र जातं. मग दुसरा, जास्त फसवा: एका बाजूला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींचे टायमर १० आणि ४० च असल्यामुळे शेजारी थेट फुल (पूर्ण जोडलेला) होतो. सगळं हिरवं दिसतं, पण राउटिंग टेबलात रूट नाही. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर' मध्ये 'ॲड्व्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल' हे वाक्य सापडलं की उत्तर मिळालं. हेच ब्रॉडकास्ट आणि नॉन-ब्रॉडकास्टमध्ये केलंत तर टायमरच वेगळे, म्हणून शेजारी होतच नाही. तिन्ही प्रकार एका बैठकीत करा, डोक्यात पक्के बसतात.

बीजीपीत 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' काढून टाका. रूट टेबलात येतो, पण त्याला 'बेस्ट'ची खूण नाही. लूपबॅकवरून बाहेरच्या एएसशी (दुसऱ्या संस्थेच्या नेटवर्कशी) पीअरिंग करताना 'ईबीजीपी-मल्टिहॉप' गाळा. टनेलचं टोक त्याच टनेलमधून शिकवा: थोडा वेळ चालतं, पडतं, परत उठतं, आणि लॉगमध्ये रिकर्सिव्ह राउटिंगचा संदेश येतो. दोन ठिकाणी दुतर्फा रीडिस्ट्रिब्यूशन (एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात देणं) करून टॅग लावू नका, आणि 'ट्रेसराउट'ने पॅकेट कुठे गरगरतं ते बघा.

खराब लिंकचा सराव करायला लिनक्सचं 'नेटएम' आहे. ५० मिलिसेकंद उशीर आणि दोन टक्के गळती लावा, आणि आयपी एसएलएने (मार्ग सतत तपासणाऱ्या सोयीने) रूट बदलतोय का ते तपासा. मात्र वेगाची चाचणी या लॅबमध्ये करू नका. काही इमेजचं थ्रूपुट लायसन्सशिवाय मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, तो आकडा तुमच्या कॉन्फिगबद्दल काही सांगत नाही.

---

मुळामुठा

यात सिस्कोचं पायएटीएस हे चाचणीचं साधन जोडा, फुकट आहे. मोडायच्या आधी 'जिनी लर्न'ने ओएसपीएफ, बीजीपी, इंटरफेस यांची स्थिती टिपून ठेवायची, दुरुस्तीनंतर परत टिपायची, मग 'जिनी डिफ'. फरक शून्याच्या जवळ आला तरच दुरुस्ती पूर्ण. पिंग गेलं म्हणजे झालं, या समजुतीला हा चांगला उतारा आहे. बॅकअप मार्गाने पिंग जात असतं आणि मुख्य शेजारी पडलेलाच असतो. विंडोजवर पायएटीएस थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) घ्या. हेच तंत्र ऑफिसात बदल करण्याआधी लॅबमध्ये तालीम करायलाही वापरता येतं.

---

सुपर्णा_एन

एक अडचण नक्की येईल म्हणून आत्ताच लिहून ठेवते. १९४१ किंवा २९६० वर एसएसएच करताना नवा लिनक्स 'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड' म्हणतो. उपकरण बिघडलेलं नाही. जुनं आयओएस एसएचए-१ चे प्रकार बोलतं, नव्या क्लायंटने ते बंद केलेत. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त लॅबच्या सबनेटपुरता डिफी-हेलमन ग्रुप १४ एसएचए-१ आणि 'एसएसएच-आरएसए' होस्ट की अधिकच्या चिन्हाने जोडा. सगळीकडे जोडू नका. उपकरणावर आधी होस्टनेम, डोमेन-नेम, मग आरएसए की २०४८ ची. हा क्रम चुकला तर की तयारच होत नाही. परीक्षेलाही हा क्रम लागतो.

सीसीएनएवाल्यांसाठी: परीक्षा १२० मिनिटांची, आणि तीत लॅबचे प्रश्नही असतात. पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. कॉन्फिग सेव्ह करायला सांगितलं असेल तर सेव्ह करा. प्रश्नसंचांच्या फुटलेल्या प्रती घेऊ नका. तो नियमभंग आहे, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि लॅबच्या प्रश्नासमोर त्या पाठांतराचा उपयोगही नाही.

---

निळी_केबल

सर्वांचे मनापासून आभार. पाय, दोन यूएसबी-सिरियल केबल आणि प्लग मागवतो, दोन केबली आहेतच. शेवटचं एक: आधीचा माणूस लॅपटॉप झाकून निघून गेला आणि कन्सोल त्याच्याकडेच अडकला, तर?

---

कन्सोलकर

२५११ वर 'शो लाइन' बघा, ज्या क्रमांकापुढे ताऱ्याची खूण (*) आहे तो अडकलेला. 'क्लिअर लाइन' आणि तो क्रमांक, दोनदा द्यावं लागतं कधीकधी. सर२नेटमध्ये त्या पोर्टाला 'किकओल्डयूजर' चालू ठेवा, नवा आला की जुना आपोआप सुटतो. शिवाय उपकरणाच्या कन्सोल लाइनवर 'एक्झेक-टाइमआउट १० ०' ठेवा. सरावाच्या सोयीसाठी बरेच जण '० ०' ठेवतात. एकट्याच्या लॅबमध्ये ते ठीक आहे, चौघांच्या रॅकवर नको: आधीच्याचं इनेबल मोड तसंच उघडं राहतं आणि पुढच्याची पहिली कमांड कुठल्या तरी इंटरफेसच्या आत जाऊन पडते. पाळी घेताना आधी कंट्रोल-झेड, मग 'शो यूजर्स', मग बेसलाइन.